दुधाच्या दातांत राहिलेली नोंद

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या दोन ठिकाणच्या शाळांत पहिली-दुसरीच्या मुलांना एक वेगळीच विनंती केली गेली. दुधाचा दात पडला की फेकू नका, आम्हाला द्या. ही विनंती होती हर्बर्ट नीडलमन नावाच्या डॉक्टरांची. ते मुलांचे डॉक्टर होते आणि मानसोपचारतज्ज्ञही. दोन हजारांहून जास्त मुलांनी आपले दात दिले.

नीडलमन यांना त्या दातांमधलं शिसं मोजायचं होतं. रक्तात सापडणारं शिसं फक्त अलीकडच्या काही आठवड्यांचा हिशेब सांगतं, कारण महिनाभरात त्यातलं निम्मं रक्तातून निघून जातं. दाताचं तसं नाही. दात घडताना शरीर त्यात कॅल्शियम भरतं आणि शिसं मिळालं तर तेही त्यातच बसवतं. एकदा बसलं की ते तिथेच राहतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या त्या इवल्याशा दातात त्याच्या आयुष्याच्या पहिल्या वर्षांची नोंद असते.

१९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त होतं, त्यांचा बुद्ध्यंक कमी शिसं असलेल्या मुलांपेक्षा सरासरी चार-साडेचार गुणांनी कमी भरला. शिक्षकांना या मोजमापाची काहीच कल्पना नव्हती. तरी त्यांनी ज्या मुलांबद्दल ‘लक्ष टिकत नाही, सांगितलेलं पूर्ण करत नाही, लगेच विचलित होतो’ असं लिहून दिलं होतं, त्यांचं प्रमाण दातातल्या शिशाबरोबर पायरीपायरीने वाढत गेलेलं दिसलं. यातलं एकही मूल आजारी नव्हतं. कुणाला झटके आले नव्हते, कुणाचं पोट दुखत नव्हतं, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं नव्हतं.

मला या अभ्यासातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. एके काळी शिशाची विषबाधा म्हणजे झटके, बेशुद्धी, मृत्यू असंच वैद्यकशास्त्र मानत होतं. त्यातून वाचलेलं मूल बरं झालं, असंच धरलं जाई. नीडलमन यांनी दाखवलं की मधे एक मोठा प्रदेश आहे. तिथे मूल धडधाकट दिसतं, खेळतं, शाळेत जातं आणि तरीही त्याच्या वाट्याचं काहीतरी कमी झालेलं असतं. अकरा वर्षांनी त्यांनी त्यातल्या काही मुलांना पुन्हा गाठलं. लहानपणी जास्त शिसं असलेल्यांमध्ये शाळा अर्ध्यावर सुटण्याची शक्यता कितीतरी पट वाढलेली होती. शिसे उद्योगाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांनी पुढे नीडलमन यांच्यावर गैरप्रकाराचा आरोप केला. चौकशीत तो टिकला नाही.

पण थोडंसं शिसं मोठ्या माणसाच्या पोटात गेलं तर इतकं बिघडत नाही. मग मुलाचंच का बिघडतं?

मेंदू घडत असताना

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींचा एक सपाट पट्टा तयार होतो. त्याच्या कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि त्या पट्ट्याची नळी होते. चौथ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत ही नळी दोन्ही टोकांना बंद होते. मेंदू आणि मज्जारज्जू याच नळीतून घडतात. दिवस गेल्याचं कित्येक जणींना तोवर कळलेलंही नसतं.

त्यानंतर चेतापेशी तयार होऊ लागतात. प्रौढ मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज असतात आणि त्यातल्या कित्येक जन्माआधीच तयार झालेल्या असतात. त्या जन्मतात मेंदूच्या आतल्या भागात आणि तिथून आपापल्या जागेपर्यंत प्रवास करतात. आधाराच्या पेशींनी धाग्यांसारखी शिडी लावलेली असते, तिच्यावरून त्या वर सरकतात. उशिरा निघालेल्या पेशी आधीच्यांना ओलांडून पुढे जातात. हे सगळं रासायनिक खुणांवर चालतं. कुणी कधी निघायचं, कुठे थांबायचं, कुणाशी जोडून घ्यायचं, हे त्या खुणा सांगतात.

जन्मानंतर जोडण्यांचा पूर येतो. पहिल्या काही वर्षांत सेकंदाला दहा लाखांहून जास्त नवे जोड तयार होतात, इतके की पुढे सगळे ठेवताच येत नाहीत. मग छाटणी सुरू होते. वापरात असलेले जोड पक्के होतात, न वापरलेले काढून टाकले जातात. बाळाशी बोललेला प्रत्येक शब्द, त्याने उचलून पाहिलेली प्रत्येक वस्तू या निवडीत भाग घेते. शेवटी या तारांवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण चढतं आणि संदेश वेगाने धावू लागतात. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालू असतं.

यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते आणि तिला ठरलेली वेळ असते. विणून झालेल्या कापडावर डाग पडला तर तो धुता येतो. माग चालू असताना ताण्यातला एक धागा तुटला, तर त्याची रेघ पुढे सगळ्या कापडभर उतरते. म्हणून या विषयात विष किती पोचलं एवढं विचारून भागत नाही. ते कधी पोचलं, हेही तितकंच विचारावं लागतं.

शिसं मेंदूला कसं फसवतं

शरीराच्या लेखी शिसं आणि कॅल्शियम यांच्यात फार फरक नाही. दोघांवरचा विद्युतभार सारखा, आकारही जवळपासचा. त्यामुळे कॅल्शियमसाठी ठेवलेल्या दारांतून शिसं आत येतं. आतड्यातून रक्तात, रक्तातून हाडांत आणि दातांत, आणि मेंदूतही.

मेंदूत कॅल्शियमला फार नाजूक काम दिलेलं आहे. एका चेतापेशीतून संदेश टोकाशी पोचला की तिथे कॅल्शियम आत शिरतं आणि त्या इशाऱ्यावर रसायनाची एक पुडी पुढच्या पेशीकडे सोडली जाते. पुढच्या पेशीवर एक खास दार असतं, त्याला एनएमडीए ग्राहक म्हणतात. दोन्ही पेशी एकाच वेळी जाग्या असल्या तरच ते उघडतं. त्यातून कॅल्शियम आत गेलं की तो जोड अधिक घट्ट होतो. आपण ज्याला शिकणं म्हणतो, त्याची पेशीच्या पातळीवरची सुरुवात ही अशी होते.

शिसं या दोन्ही टोकांना गडबड करतं. पहिल्या टोकाला कुणी हाक मारलेली नसताना थोडं थोडं रसायन सुटत राहतं. दुसऱ्या टोकाला ते दार अडवलं जातं. म्हणजे गोंगाट वाढतो आणि खरी हाक पोचत नाही. मोठ्या माणसाच्या मेंदूत जोड बसलेले असतात. लहान मुलाच्या मेंदूत मात्र कुठला जोड ठेवायचा आणि कुठला छाटायचा, हे याच संदेशांवरून ठरत असतं. तिथे चुकीची खबर गेली तर निवडच चुकते.

त्यात मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने ते जास्त श्वास घेतं, जास्त पाणी पितं, जास्त खातं. रांगतं तेव्हा त्याचं नाक जमिनीजवळ असतं आणि हात सारखा तोंडात असतो. जुन्या रंगाची धूळ जमिनीवरच बसते. पोटात गेलेल्या शिशापैकी मूल जितका हिस्सा शोषून घेतं, तो मोठ्यांच्या चार ते पाच पट असू शकतो. अंगात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढतं. विष मोडून काढणारी यंत्रणाही अजून कच्ची असते. उदाहरणार्थ, काही कीटकनाशकांचे तुकडे करणारं एक विकर नवजात बाळात आईच्या मानाने फारच थोडं असतं.

वार सगळं अडवत नाही

१९५६ साली जपानमधल्या मिनामाता गावात एका विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. माणसांचे हातपाय बधिर होत, तोल जाई, दिसणं आणि बोलणं बिघडे. चिस्सो कंपनीचा कारखाना पाऱ्याची संयुगं असलेलं सांडपाणी समुद्रात सोडत होता. तिथल्या माशांत मिथाइल पारा साठला आणि माशांतून तो माणसांत आला.

त्याच गावात काही बाळं जन्मतःच आजारी होती. मान धरत नव्हती, गिळता येत नव्हतं, हातपाय वळलेले. त्यांच्या आयांना मात्र किरकोळ त्रास होता, काहींना तर काहीच नव्हता. या बाळांनी मासे कधी खाल्लेच नव्हते. वार (प्लॅसेंटा) बाळाचं विषापासून रक्षण करते, असं तेव्हा पक्कं मानलं जाई, म्हणून कित्येक वर्षं या मुलांच्या आजाराचा पाऱ्याशी संबंधच लावला गेला नाही. अखेर १९६२ मध्ये तो मान्य झाला.

पुढे याचा एक पुरावा घराघरांतून निघाला. जपानमध्ये बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा जपून ठेवायची पद्धत आहे. मासाझुमी हाराडा या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनामाताच्या कुटुंबांकडून हे तुकडे मिळवले आणि त्यांतला मिथाइल पारा मोजला. आईने आठवण म्हणून ठेवलेल्या नाळेने तिच्या मुलाच्या आजाराचं कारण सांगितलं. हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

आज आपल्याला माहीत आहे की मिथाइल पारा शरीरातल्या एका अमिनो आम्लाचं सोंग घेतो आणि पोषण वाहून नेणाऱ्या वाटेनेच वार ओलांडतो. नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त, सुमारे १.७ पट भरतं. मिनामातात पाऱ्याचं प्रमाण भयंकर होतं. पण त्याहून कितीतरी कमी प्रमाणातही परिणाम दिसतो, हे उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर कळलं. तिथे १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा मागोवा फिलिप ग्रँजाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. तिथल्या आहारातल्या व्हेलच्या मांसातून पारा येत होता. सातव्या वर्षी तपासलं, तेव्हा जन्मावेळी जास्त पारा मिळालेली मुलं भाषा, लक्ष आणि स्मरण या बाबतींत मागे होती. एरवी ती निरोगी होती.

यावरून गरोदर बाईने मासे सोडावेत, असा अर्थ मात्र काढू नये. माशांतली स्निग्धाम्लं बाळाच्या मेंदूला हवीच असतात. टाळायचे ते शार्क, स्वोर्डफिश यांसारखे मोठे शिकारी मासे. ते लहान मासे खाऊन वर्षानुवर्षं पारा साठवतात.

हवेतली धूळ

हवेतल्या ज्या कणांना पीएम २.५ म्हणतात, ते जास्तीत जास्त अडीच मायक्रोमीटर रुंद असतात. केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास. ते फुप्फुसात खोलवर जातात, त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात आणि काही तर नाकातून वासाच्या चेतातंतूंवरून थेट मेंदूकडे सरकू शकतात. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. कचरा उचलणं हे त्यांचं काम, आणि वाढत्या वयात जोडांची छाटणीही त्याच करतात. कणांमुळे दाह झाला की या पेशी खवळतात. ज्यांच्या हाती छाटणीची कात्री आहे, त्यांनीच असं खवळणं वाढत्या मेंदूला परवडत नाही.

बार्सिलोनामध्ये ३९ शाळांतल्या ७ ते १० वर्षांच्या २,७१५ मुलांची वर्षभरात चार वेळा चाचणी झाली. एखादी माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता स्वच्छ हवेच्या शाळांत वर्षभरात ११.५ टक्क्यांनी वाढली, तर वाहतुकीच्या धुरात असलेल्या शाळांत ७.४ टक्क्यांनी. मुलं दोन्हीकडे शिकत होती, वाढत होती. वेग वेगळा होता. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांना वारेच्या बाळाकडच्या बाजूला काजळीचे कण सापडले आणि २०२२ मध्ये गर्भाच्या मेंदूतही.

बाकीची यादी लांब आहे, ती थोडक्यात सांगतो. गर्भाला पहिले काही महिने स्वतःचं थायरॉइड संप्रेरक पुरेसं बनवता येत नाही, ते आईकडून येतं आणि मेंदूची वाढ त्यावर चालते. जुन्या विद्युत उपकरणांतली पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) नावाची रसायनं आणि आग लागू नये म्हणून फोम-कापडांत घातलेली काही रसायनं या संप्रेरकाच्या कामात ढवळाढवळ करतात. क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशकं किड्यांच्या चेतासंस्थेवर घाव घालण्यासाठीच बनवलेली असतात आणि त्या मूलभूत रसायनात कीडा आणि माणूस यांच्यात फारसा फरक नाही. २००६ मध्ये ग्रँजाँ आणि फिलिप लँड्रिगन यांनी माणसाच्या वाढत्या मेंदूला नक्की घातक ठरलेली ५ रसायनं मोजली होती, २०१४ मध्ये ती ११ झाली.

चार-पाच गुणांनी काय होतं?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. एका मुलाच्या बाबतीत चार-पाच गुण डोळ्यांना दिसतही नाहीत. तुमच्या मुलाचं गणित कच्चं आहे म्हणजे शिसंच कारण, असं कुणीही सांगू शकत नाही. सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण सगळ्या समाजाचा विचार करा. बुद्ध्यंकाची सरासरी १०० असते तेव्हा ७० च्या खाली, म्हणजे खास मदत लागणारी, शंभरात साधारण २.३ मुलं असतात. सरासरी ९५ वर आली की हा आकडा ४.८ च्या जवळ जातो, दुप्पट. आणि १३० च्या वरची मुलं २.३ वरून १ वर येतात. सरासरी जरा सरकली की सगळ्यात मोठा फरक दोन्ही टोकांना पडतो.

थोड्या प्रमाणात चालतं, हा आधारही टिकलेला नाही. २००५ मध्ये सात अभ्यासांतल्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र पाहिली गेली. रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे २.४ वरून १० मायक्रोग्रॅमपर्यंत वाढताना बुद्ध्यंक ३.९ गुणांनी घसरला, पुढे १० ते २० मध्ये १.९ आणि २० ते ३० मध्ये १.१ गुणांनीच. म्हणजे पहिल्या थोड्या शिशानेच जास्त नुकसान केलं होतं. अमेरिकेत चिंतेची पातळी १९६० च्या दशकात ६० होती. ती ४०, ३०, २५, १०, ५ अशी उतरत २०२१ मध्ये ३.५ वर आली. शिसं अधिक विषारी झालेलं नाही. आपण बारकाईने पाहू लागलो. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून जास्त शिसं आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो: गरीब वस्तीत प्रदूषण जास्त आणि शिक्षणाच्या सोयी कमी, मग दोष नक्की कशाचा? न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहराने याचं चांगलं उत्तर दिलं. तिथे पेट्रोलमधलं शिसं श्रीमंत-गरीब सगळ्यांच्याच हवेत होतं. १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या रक्तातलं शिसं अकराव्या वर्षी मोजलं गेलं. अडतिसाव्या वर्षी तपासलं तेव्हा लहानपणच्या दर ५ मायक्रोग्रॅममागे बुद्ध्यंक १.६ गुणांनी कमी होता. पंचेचाळिसाव्या वर्षी मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस किंचित लहान आणि एकूण मेंदू वयाच्या मानाने थोडा जास्त म्हातारा दिसला. माकडांवरच्या एका अभ्यासात तर जन्मानंतर पहिले ४०० दिवस शिसं दिलेल्या माकडांच्या मेंदूत २३ वर्षांनी अल्झायमरसारखे बदल आढळले. शिसं केव्हाच थांबलेलं होतं.

काय करता येतं

शिसं काढणारी औषधं आहेत. ७८० मुलांवर त्यातल्या एका औषधाची नीट चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले. औषधाने रक्तातलं शिसं उतरलं, पण शिकण्या-आठवण्याच्या चाचण्यांत काहीच सुधारणा झाली नाही. शिशाचं प्रमाण खूप वाढलं असेल तर जीव वाचवायला ही औषधं लागतातच. बिघडलेली वीण मात्र ती उसवून पुन्हा विणू शकत नाहीत. म्हणून शिसं येतंय कुठून ते शोधून ती वाट बंद करणं हाच उपाय.

घरात जुना रंग सुटत असेल तर तो कोरडा घासू नका, धूळ ओल्या फडक्याने पुसा. खाण्याआधी मुलाचे हात धुवा. घरातलं कुणी बॅटरी, रंग किंवा धातूच्या कामावर असेल, तर कामाचे कपडे आणि चपला घरात आणू नका. मुलाच्या आहारात लोह आणि कॅल्शियम पुरेसं असू द्या. शंका असेल तर रक्ततपासणी करा, ती साधी असते. आणि शिसं निघालंच, तर मुलाशी बोलणं, वाचून दाखवणं, खेळणं वाढवा. शिसं दिलेल्या उंदरांना खेळायला, शोधायला भरपूर वाव असलेल्या पिंजऱ्यात ठेवलं, तेव्हा त्यांचं शिकणं बरंचसं सुधारलेलं दिसलं आहे.

पण घरातल्या कुणी कितीही पुसलं तरी हवा, पाणी आणि रंगाचा कारखाना त्यांच्या हातात नसतो. गरोदर बाईला सूचनांची यादी देऊन मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. मोठी घट कायद्यांनी झाली आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेरी लहान मुलांच्या रक्तात डेसिलिटरमागे सरासरी १५ मायक्रोग्रॅमच्या आसपास शिसं होतं. पेट्रोल आणि रंगातून ते काढल्यावर आज ते १ च्याही खाली आहे. शिसं घातलेलं पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांना विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता, तिथेही २०२१ मध्ये ते थांबलं.

शिशाचं एक शेवटचं वागणं सांगायचं राहिलं. हाडात बसलेलं शिसं तिथे दशकानुदशकं राहतं. बाई गरोदर राहिली की बाळाच्या हाडांसाठी तिच्या हाडांतलं कॅल्शियम मोकळं होतं आणि त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही रक्तात येऊन वारेपलीकडे जातं. आज जी मुलगी धुळीच्या जमिनीवर रांगते आहे, तिच्या हाडांत जे साठतं आहे, त्यातलं काही पंचवीस-तीस वर्षांनी तिच्या बाळापर्यंत पोचेल. ते बाळ सहा-सात वर्षांचं झाल्यावर त्याचा पहिला दुधाचा दात पडेल आणि हे शिसं त्यात मोजता येईल.